फिरता डाग

पंचाक्षरी उंबरजे यांना दमा झाला तेव्हा भूममध्ये कुणाला आश्चर्य वाटलं नाही. खव्याच्या भट्टीवर बसून अर्धं आयुष्य वेड्या बाभळीचा धूर खाल्ल्यावर दमा नाही होणार तर काय होणार? भट्टीवाल्यांमध्ये दम्याला एक प्रकारची प्रतिष्ठाच आहे. ज्याला दमा नाही, तो गडी लावून स्वतः सावलीत बसत असणार, असा उघड संशय घेतला जातो. त्यामुळं पंचाप्पा (गाव त्यांना पंचाप्पाच म्हणायचं) पंप चारचौघांत खिशातून काढायचे, दोनदा हलवायचे आणि विडी ओढावी तशा ऐटीत ओढायचे.

लपवायची गोष्ट वेगळी होती. नाक.

खवा डोळ्यांनी कळत नाही. दूध आटत येतं, कढईत घट्ट होतं, तोवर कुणीही बसून उलथणं फिरवू शकतो. पण मग एक क्षण येतो. कच्च्या दुधाचा वास जातो आणि खव्याचा वास सुटतो. तेव्हाच कढई उतरवायची असते. आधी उतरवली तर खवा दोन दिवसांत आंबतो, नंतर उतरवली तर करपतो. हा क्षण पंचाप्पांच्या नाकाला असा सापडायचा की आण्णासाहेबांच्या भट्टीसमोरून मोटारसायकलवर जाताना ते वेग कमी न करता ओरडायचे, "आण्णा, उतरवा, खाली लागला." आण्णासाहेबांना ते कधीच आवडलं नाही. खवा लागलेला असायचा म्हणून तर मुळीच आवडलं नाही. पेढेवाला गौरीशंकर, पंचाप्पांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, दुकानात येणाऱ्याला सांगायचा, "आपल्याकडं पंचाप्पाच्या नाकाखालून गेलेलाच खवा असतो." ऐकायला फारसं बरं वाटत नाही, पण पेढे खपायचे.

तर हे नाक बंद पडलं. आधी सर्दी झाली, ती गेलीच नाही. मग नाक चोंदलं, मग सुटलं, पण वास काही परत आला नाही. दार उघडं आणि घरात कुणी नाही, असा प्रकार. पंचाप्पांनी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोला, राजेश्वरीला, कळलं ते अपघातानं. एके दुपारी पंचाप्पा भट्टीशेजारी बसले होते आणि त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक निखाऱ्यात पडून धुमसत होतं. अख्ख्या गल्लीत चिंधी जळल्याचा वास सुटला होता. पंचाप्पा तंबाखू मळत होते. राजेश्वरीनं तांब्याभर पाणी त्यांच्या अंगावर ओतलं आणि विचारलं, "कधीपासनं?"

"काय कधीपासनं?"

"नाक."

पंचाप्पांनी निथळत्या अंगानं सांगून टाकलं.

तेव्हापासून एक पद्धत बसली. राजेश्वरी कढईच्या पलीकडं बसायची. वास सुटला की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची. पदर हलला की पंचाप्पा कढईवर वाकायचे, डोळे मिटायचे, छाती भरून हुंगायचे आणि जरा थांबून म्हणायचे, "हं. उतरवा." बघणारे धन्य व्हायचे. असं दोन वर्षं चाललं. एकदा राजेश्वरीच्या गालावर माशी बसली आणि तिनं पदर हलवला, तर पंचाप्पांनी अर्धवट दूध उतरवायचा हुकूम सोडला. तेवढी एक कढई सोडली तर कुणाला काही कळलं नाही.

मग खोकला वाढला. संध्याकाळी ताप भरायला लागला, विजार कंबरेवर थांबेना. गावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. उजव्या छातीत वरच्या बाजूला पांढरा डाग. खोकला, ताप, वाळलेला माणूस आणि डाग. थुंकी तीनदा तपासली, तिच्यात काही सापडलं नाही. पण डॉक्टर म्हणाले, सापडत नसलं तरी असतं, आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

टीबी हा दम्यासारखा नाही, त्याला काही प्रतिष्ठा नाही. सरकारी दवाखान्यातली बाई घरी येऊन सगळ्यांची चौकशी करून गेली, बिचारी अगदी हळू आवाजात बोलली, पण तिची स्कूटी अर्धा तास दारात उभी होती आणि तेवढं पुरलं. गोळ्यांनी पंचाप्पांची लघवी केशरी झाली. ही बातमी आठवडी बाजारापर्यंत कशी गेली ते कळलं नाही, पण आण्णासाहेब चहाच्या हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंचाप्पानं केशर पेढा सुरू केलाय म्हणं."

गौरीशंकरनं निरोप पाठवला की सध्या माल पडून आहे, खवा आठवडाभर नको. पुढच्या आठवड्यात त्यानं निरोपही पाठवला नाही. राजेश्वरी उरलेला खवा घेऊन मोठ्या डेगीत गुलाबजाम करायला बसली, म्हणजे संपला असता. पण गुलाबजाम कोण नेणार, तेच लोक.

आता पंचाप्पांपुढं दोन भुतं होती. छातीत टीबी आहे असं सगळे म्हणत होते, त्यानं धंदा बसत चालला होता. नाक गेलंय हे कुणाला माहीत नव्हतं, ते कळलं असतं तर उरलेलाही बसला असता. टीबी बरा होतो असं डॉक्टर म्हणत होते. नाकाबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि पंचाप्पा मरेपर्यंत सांगणार नव्हते.

दुसरा फोटो काढला तेव्हा उजवी छाती स्वच्छ होती. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी डावीकडं बघितलं. डाग तिकडं होता, खालच्या अंगाला. डॉक्टरांनी फिल्म उलटी धरून बघितली. मग सुलटी. फोटोवाल्याला बोलावलं.

"फिल्मवर नाव उलटं टाकलंस का?"

"न्हाई साहेब. फिल्म बरोबर हाय."

"मग डाग डावीकडं कसा?"

"ते मला काय माहीत साहेब. मी फक्त फोटो काढतो."

चहाच्या हॉटेलात चर्चा रंगली. पुढच्या फोटोत डाग डावा की उजवा, यावर भज्यांच्या प्लेटी लागल्या. बिरू, जो रोज सकाळी पंचाप्पांकडं म्हशीचं दूध घालायचा आणि तालुक्यातली कोणतीही गोष्ट दूध घालता घालता पोचवायचा, त्यानं दोन्हीकडून प्लेट लावली आणि हरण्याची सोय ठेवली नाही.

तिसऱ्या फोटोत डागच नव्हता. डाव्या छातीत पाणी झालं होतं.

ही बातमी मात्र भूमला मनापासून आवडली. उन्हाळा लागला होता, टँकर सुरू झाले होते, दीडदोनशे फूट बोअर मारूनही फुफाटाच निघत होता, आणि पंचाप्पांच्या छातीत आपोआप पाणी लागलं होतं. सुई घालून ते काढलं तेव्हा बिरू दाराशी उभा होता. डॉक्टर बाहेर आल्यावर त्यानं गंभीरपणे विचारलं, "किती फुटावर लागलं साहेब?"

डॉक्टर हसले नाहीत. पाण्याच्या तपासणीचा कागद त्यांनी दोनदा वाचला, मग पंचाप्पांना म्हणाले, "माझ्या डोक्याबाहेरचं आहे हे. तुम्ही धाराशिवला जा. छातीच्या डॉक्टर आहेत, वर्षाराणी म्याडम. मी फोन करतो." माणूस प्रामाणिक होता. आपल्याला कळत नाही हे त्यांनी थोडं उशिरा सांगितलं, पण सांगितलं.

राजेश्वरीला बरोबर जाता येईना. दोघंही गेले तर भट्टी बंद राहील, आणि भट्टी बंद दिसली की गाव पंचाप्पांना खांद्यावर घेऊन मोकळं होईल. म्हणून बिरूला पाठवायचं ठरलं. निघताना राजेश्वरी दारात म्हणाली, "अहो, म्याडमला नाकाचं सांगा."

"बिरूसमोर? त्यापरीस दवंडीच पिटतो की."

"मरायचंय का नाकापायी?"

पंचाप्पांनी खुंटीवरची पिशवी काढली. मोठ्या डॉक्टरकडं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यांनी फळीवरचा खव्याचा डबा उचलला, आतला खवा बोटानं दाबून बघितला, मऊ होता, आणि डबा पिशवीत घातला. कुठल्या डब्यात कुठला खवा आहे हे रोज राजेश्वरी बघायची. फळीच्या टोकाला ठेवलेला तो डबा तिनं कालच बिरूच्या म्हशींसाठी बाजूला काढला होता.

धाराशिवची एसटी भरून वाहत होती. खिडक्यांमधून गरम वारा येत होता आणि पिशवी पंचाप्पांच्या मांडीवर होती. येरमाळ्याच्या पुढं शेजारच्या बाईनं आपल्या बाळाची लंगोटी दोनदा तपासून बघितली. मग ती उठून उभी राहिली आणि गर्दीतही तिथंच उभी राहिली. बिरू खिडकीबाहेर तोंड काढून बसला होता. पंचाप्पांना वाटलं, आजारी माणसाला लोक जागा देतात. त्यांना बरं वाटलं.

वर्षाराणी म्याडम मूळच्या तामलवाडीच्या, शेतकऱ्याची पोर. बोलायला सरळ आणि वेळ कमी. त्यांनी तिन्ही फोटो काचेवर एका ओळीत लावले, रक्ताचा कागद शेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"काका, दमा कधीपासून?"

"झाली असतील पाच-सहा वर्षं. भट्टीचा धूर."

"लहानपणी नव्हता?"

"न्हाई. लहानपणी धूर न्हवता."

"दम लागला की तिकडचे डॉक्टर पंपाशिवाय काही द्यायचे? बारीक पांढरी गोळी, चार-पाच दिवस?"

"व्हय. ती घेतली की लई बरं वाटायचं. अंगात वारं भरल्यासारखं."

म्याडमनी मान हलवली. "हातापायाला मुंग्या येतात?"

"न्हाई."

तेवढ्यात दार ढकलून बिरू आत आला. हातात एक चप्पल होती. "अप्पा, ही तुमची डावी चप्पल. बसच्या पायरीवरच राहिली. तुमी तसंच चालत आलात, इतक्या उन्हात." मग तो म्याडमकडं वळला. "म्या मागनं हाका मारत व्हतो, पण अप्पांना काय, अनवाणी का चपलीत, फरकच पडंना."

म्याडमनी पंचाप्पांचा डावा पाय उचलून खुर्चीवर ठेवला. तळव्याला ठिकठिकाणी बोट लावलं, मग टोकदार काहीतरी. उजव्या पायाला तसं केल्यावर पंचाप्पा दचकले. डाव्याला नाही. डाव्या तळव्याला भाजल्याचा एक डाग होता, तो कधी पडला हे पंचाप्पांना ठाऊक नव्हतं.

"नाकाचा काही त्रास? सर्दी?"

"सर्दी असते जराशी."

"वास येतो?"

खोलीत पंखा फिरत होता. बिरू चप्पल धरून उभा होता. पंचाप्पांनी त्याच्याकडं बघितलं. बिरूला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती रात्रीच्या एसटीनं भूमच्या स्टँडवर पाठवणं.

"वास?" पंचाप्पा म्हणाले. "म्याडम, खव्याच्या भट्टीवाल्याला हे विचारायचं? आमच्याकडं नाकाचंच काम. हे बघा, तुमच्यासाठी आणलाय. वास घेऊन बघा कसा आलाय."

आणि त्यांनी पिशवीतला डबा काढून झाकण उघडलं.

बिरू एक पाऊल मागं सरला. बाहेरची नर्स दारातून डोकावली आणि परत गेली. म्याडमनी रुमाल नाकाला लावला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी फक्त झाकण परत लावलं, दोन्ही हातांनी, घट्ट.

"बिरू," पंचाप्पा म्हणाले, "काय झालं?"

"काय न्हाय अप्पा."

"बिरू."

"आंबलाय अप्पा," बिरू म्हणाला. "लई आंबलाय. येरमाळ्यापासनं. मला वाटलं त्या बाळाचं काम हाय, म्हणून म्या त्या बाईकडं मधनंमधनं रागानं बघत आलो."

"तू बाहेर जा जरा."

"म्या का जाऊ? ह्या खोलीत वास मलाच सगळ्यात जास्त येतोय."

म्याडम खुर्ची पुढं ओढून बसल्या. "काका, सांगायचं नसेल तर सांगू नका. पण मग मी तीन गोष्टींत अडकून राहणार. एक तर पोटातल्या जंतांमुळं असं होतं. एक बुरशीच्या अॅलर्जीनं होतं. आणि एक तिसरं आहे, ते फार कमी लोकांना होतं. पहिली दोन असतील तर निवांत बघता येईल. तिसरं असेल तर ते छातीत थांबत नाही. नाकात जातं, नसांत जातं, हृदयातही जातं. पाय मी आत्ता बघितला. नाकाचं तुम्ही सांगा."

पंचाप्पा डब्याकडं बघत राहिले. दोन वर्षं पदर हलायचा आणि ते वाकायचे. हुंगताना डोळे मिटायची गरज नसते, पण मिटले की लोकांना खरं वाटतं. हृदय हा शब्द त्यांना तेवढा लागला नाही. लागला तो बिरूचा चेहरा. बिरू हसत नव्हता.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "काहीच येत न्हाई. खवा न्हाई, धूर न्हाई. बायको हुंगते. म्या नुसता वाकतो."

बिरूनं हातातली चप्पल खाली ठेवली.

म्याडमनी एका कागदावर दोन रेघा मारल्या आणि सांगायला सुरुवात केली. रक्तात एक प्रकारच्या पेशी असतात, जंत आले की त्यांच्याशी लढायच्या. शंभरात चार-पाच असल्या की पुरे. पंचाप्पांच्या रक्तात पस्तीस होत्या, आणि छातीतून काढलेल्या पाण्यात तर त्यांचीच जत्रा भरली होती. एवढी माणसं कामाला ठेवली आणि काम काही नाही, म्हणून त्या घराच्याच भिंती खणायला लागल्या होत्या. आज उजव्या फुफ्फुसात, उद्या डाव्या. टीबीचा डाग एका जागी ठाण मांडतो. हा फिरतो. मध्ये ती पांढरी गोळी मिळाली की पुसला जातो, आणि डॉक्टरला वाटतं टीबीचं औषध लागू पडतंय. गोळी बंद झाली की तो दुसरीकडं उगवतो.

"म्हणजे टीबी न्हाई?" पंचाप्पांनी विचारलं.

"मला तरी वाटत नाही. नाकातला तुकडा तपासू, नसांची तपासणी करू, हृदयाचा फोटो काढू. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते, टीबीच्या गोळ्या बंद. ती पांढरी गोळी मात्र आता जास्त, बरेच महिने, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही. आणि भट्टीच्या धुरात बसायचं नाही."

"नाव काय ह्या रोगाचं?" बिरूनं विचारलं.

म्याडमनी सांगितलं. ते एवढं लांब होतं की मध्ये श्वास घ्यावा लागला. "ई-जी-पी-ए म्हणा," त्या म्हणाल्या. "दहा लाखांत पाच-पंधरा लोकांना असतो."

"भूम तालुक्यात अजून कुणाला?"

"माझ्याकडं तरी कुणी आलेलं नाही."

बिरूनं पंचाप्पांकडं नव्यानं बघितलं.

पंचाप्पांना वाटलं होतं की भूमला उतरायच्या आधी बातमी पोचलेली असेल. तसं झालं नाही. बिरू बसमध्ये एकदाही फोनवर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून तो हॉटेलात गेला आणि दोन तास बसला. त्या दोन तासांत राजेश्वरीनं पंचाप्पांना भट्टीजवळ फिरकू दिलं नाही आणि पंचाप्पा ओसरीवर बसून आयुष्याचा हिशोब मांडत राहिले.

दुपारी गौरीशंकर आला. चप्पल बाहेर न काढता ओसरीशी उभा राहिला.

"टीबी न्हाई म्हणं?"

"न्हाई."

"दुसरंच काहीतरी हाय, लई मोठ्या लोकांना होतं ते."

"मोठ्या न्हाई, कमी."

"तेच की. आन नाक गेलंय म्हणं."

पंचाप्पांनी मान खाली घातली. "व्हय. दोन वर्षं."

"मग दोन वर्षं खवा कोण बघत व्हतं?"

पंचाप्पांनी आत बोट दाखवलं. गौरीशंकरनं चप्पल काढली, ओसरी ओलांडली, आणि भट्टीच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "वहिनी, उद्यापासनं नेहमीचा माल. आन जरा जास्त द्या, लगीनसराई हाय." मग परत येऊन पंचाप्पांच्या शेजारी टेकला. "मला छातीची काळजी व्हती. खव्यात कोण खोकतंय, ही. हुंगतंय कोण, ते मला काय करायचं?"

दोन वर्षं ज्या गोष्टीला भ्याले, ती एवढ्यात संपली. पंचाप्पांना थोडा अपमानच वाटला.

गोळ्यांनी काम केलं. डाग कुठंच दिसेना, दम कमी झाला, चेहरा मात्र चंद्रासारखा गोल झाला आणि भूक अशी लागायला लागली की राजेश्वरीनं डबे उंच फळीवर हलवले. तुकड्याच्या तपासणीनं म्याडमचा अंदाज खरा ठरवला. हृदय ठीक निघालं. पाय सावकाश सुधारत होता. आणि एका सकाळी पंचाप्पा ओसरीवर बसले असताना त्यांना खव्याचा वास आला.

ते जागेवरून न हलता ओरडले, "लागला. उतरवा."

आतून राजेश्वरीचा आवाज आला, "लागला न्हाई. लागू देते."

"म्हणजे?"

"थोडा लागू देते. दोन वर्षं देतेय. खमंग येतो. गौरीशंकर त्याच्यासाठीच येतो, तुमच्या नाकासाठी न्हाई."

पंचाप्पा दारात जाऊन उभे राहिले. धूर त्यांना मना होता, म्हणून उंबऱ्याच्या अलीकडंच. राजेश्वरी कढईशी बसली होती, पदर डोक्यावर जागच्या जागी. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "हं," आणि गड्याला कढई उतरवायला सांगितलं. वास करपटच होता, पण वाईट नव्हता. पंचाप्पांनी आयुष्यभर ज्याला चूक म्हटलं होतं, तो वास ते उंबऱ्यावर उभे राहून पोटभर घेत राहिले. मग परत ओसरीवर येऊन बसले.

ओसरीवर सकाळचं दूध उतरायचं. कॅन यायचे, गडी काठी बुडवून मापून घ्यायचे, कढईत जायचं. बसल्या बसल्या काम हवं म्हणून पंचाप्पांनी कॅनची झाकणं उघडायला सुरुवात केली. गावोगावच्या दुधाचा वास त्यांना वेगवेगळा यायला लागला. एकाच्या कॅनला साबणाचा वास होता, त्याला त्यांनी तो पाण्यानं धुवून आणायला लावला. एकाची म्हैस कडवट पाला खात होती. लोक कौतुक करायला लागले. म्हणायचे, रोगानं नाक नेलं आणि परत करताना व्याजासकट दिलं.

तिसऱ्या दिवशी बिरूच्या कॅनची पाळी आली. त्यानं मोटारसायकलवरून कॅन उतरवला, ओसरीवर ठेवला आणि नेहमीप्रमाणं गप्पा सुरू केल्या. पंचाप्पांनी झाकण उघडलं, वाकले, या खेपेला डोळे न मिटता.

"बिरू."

"काय अप्पा?"

"वरचं दूध आजचं हाय."

"व्हय की. आत्ताच पिळलंय."

"खालचं कालच्या संध्याकाळचं हाय."

बिरूनं कॅनकडं बघितलं. दोन वर्षं रोज सकाळी तो ह्याच ओसरीवर कॅन ठेवत आला होता. दूध तापायच्या आत त्याचा वास कुणी घेईल, असा त्याला कधी संशयही आला नव्हता, कारण त्याच्या अंदाजानं ते नाक कढईवर असायचं. त्यानं झाकण हळूच परत लावलं आणि पंचाप्पांच्या शेजारी बसला.

"अप्पा," तो म्हणाला, "त्या पांढऱ्या गोळ्या म्याडमनी कुठवर दिल्यात?"

"अजून लई दिवस. आपल्या मनानं बंद करायच्या न्हाईत."

"बरोबर हाय," बिरू म्हणाला. "तब्येतीचं काम हाय." आणि कॅन उचलून परत मोटारसायकलला बांधायला लागला.